सासूबाईंच्या पायांवरची सूज आणि डँडेलियनच्या पानांचा अर्क

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

"माझ्या सासूबाई 68 वर्षांच्या. त्यांना बीपीसाठी टेल्मिसार्टन 40 आणि ॲम्लोडिपिन 5 चालू होतं. पावसाळ्याच्या तोंडावर बीपी वाढलेलं निघालं म्हणून डॉक्टरांनी ॲम्लोडिपिन 10 केलं. हल्ली संध्याकाळ झाली की दोन्ही घोटे सुजतात, सकाळी उतरलेले असतात. भिशीतल्या मैत्रिणीने डँडेलियन नावाच्या रोपाच्या पानांचा अर्क सुचवला. म्हणे हे नैसर्गिक लॅसिक्स आहे, लघवी साफ होते आणि पोटॅशियमही कमी होत नाही. मी 60 कॅप्सूलची बाटली मागवली, अजून फोडलेली नाही. वर '500 मिलिग्रॅम, 4:1 अर्क' असं लिहिलंय. सोसायटीच्या मागच्या भिंतीलगत पिवळ्या फुलांची, म्हाताऱ्या उडणारी रोपं आलीत, ती हीच का? त्यांचा काढा करून चालेल का? मिस्टरांना सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड 1 आलंय, त्यांना दिलं तर? आणि पाळीच्या आधी माझं अंग जड होतं, पोट फुगतं, त्यावर मी घेतलं तर?" – एक वाचक, मुलुंड पूर्व

बाटली फोडली नाहीत ते बरं केलंत. सासूबाईंना हा अर्क देऊ नका, कॅप्सूल नको, चहा नको, थेंबही नकोत. पाला निकामी आहे म्हणून हे सांगत नाही. तुमच्या पत्रातच दोन गोष्टी दिसताहेत. त्यांची सूज बहुधा अशा कारणाची आहे की जिथे लघवी वाढवून काही साधत नाही. आणि त्यांना चालू असलेली दुसरी गोळी, टेल्मिसार्टन, या पाल्यासोबत जुळणारी नाही.

आधी सूज. ॲम्लोडिपिन 5 चं 10 झालं आणि त्यानंतर घोटे सुजायला लागले, हा क्रम कुठल्याही डॉक्टरच्या चटकन लक्षात येईल. ही गोळी बारीक रोहिण्या सैल करते, पण शिरा तितक्या सैल होत नाहीत. मग केशवाहिन्यांमधला दाब वाढतो आणि रक्तातलं पाणी आजूबाजूच्या मांसात झिरपतं. दिवसभर उभं राहून किंवा पाय लोंबकळत ठेवून बसल्यावर ते घोट्याशी जमतं, रात्री आडवं झाल्यावर परत ओढलं जातं. डोस वाढला की हा त्रास वाढतो, 10 मिलिग्रॅमवर तो 5 पेक्षा बराच जास्त दिसतो, आणि बायकांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त. यात शरीरात एकूण पाणी जास्त झालेलंच नसतं, ते फक्त चुकीच्या जागी गेलेलं असतं. म्हणून लॅसिक्सची, म्हणजे लघवी वाढवणारी, खरीखुरी गोळी दिली तरी ही सूज नीट उतरत नाही, उलट म्हातारं माणूस उठताना चक्कर येऊन पडायची भीती वाढते. तिथे पानाच्या चहाने काय होणार?

उपाय डॉक्टरांच्या हातात आहे आणि तो अवघडही नाही. डोस परत खाली आणणं, टेल्मिसार्टन वाढवणं (त्याच्या जोडीने ॲम्लोडिपिनची सूज काहीशी कमीच होते), किंवा त्याच गटातली पण सूज कमी आणणारी सिल्निडिपिनसारखी गोळी देणं. यातलं काय करायचं ते त्यांना ठरवू द्या. तुम्ही आपल्या मनाने गोळी बंद करू नका, अर्धीही करू नका.

मात्र "गोळीमुळेच आहे" असं धरून घरी बसूनही चालणार नाही. अंगठ्याने नडगीवर दहा सेकंद दाबून बघा, खड्डा पडतो का. एकाच पायाला सूज असेल, पोटरी दुखत असेल, गरम लागत असेल तर शिरेत गुठळी झाली असण्याची शक्यता असते, तेव्हा त्याच दिवशी दाखवायचं. आडवं झाल्यावर दम लागत असेल, उशा वाढवाव्या लागत असतील तर हृदय तपासायला हवं. सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली सूज आणि लघवीला फेस असेल तर मूत्रपिंड. दाखवायला जाताना क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम, लघवीतलं अल्ब्युमिन, टीएसएच (थायरॉइडसाठी) आणि रक्तातलं अल्ब्युमिन एवढ्या तपासण्यांबद्दल विचारा. कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये होतात, महापालिकेच्या रुग्णालयातही होतात.

आता दुसरी गोळी. मैत्रीण म्हणाली ते अर्धं खरं आहे. लॅसिक्स, म्हणजे फ्युरोसेमाइड, लघवीवाटे पोटॅशियम धुऊन नेतं. डँडेलियनच्या पानात पोटॅशियम भरपूर असल्याने ती उणीव आपोआप भरून निघते, असं त्याचं जुनं कौतुक आहे. पण सासूबाई टेल्मिसार्टन घेतात, आणि टेल्मिसार्टन पोटॅशियम अंगात धरून ठेवतं. वय 68, मूत्रपिंडाचा गाळण्याचा वेग तरुणपणीइतका नसणारच. अशा माणसाला "पोटॅशियम कमी होऊ न देणारं" औषध म्हणजे मदत नव्हे, तर भर घालणं. रक्तातलं पोटॅशियम 3.5 ते 5 च्या आसपास असायला हवं. ते साडेपाच-सहाच्या पुढे गेलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात, आणि आधी काही जाणवतंच असं नाही. युरोपीय औषध संस्थेने या पानाबद्दल जे मार्गदर्शन केलं आहे, त्यातही मूत्रपिंड निकामी होत असलेल्या, मधुमेही आणि हृदय कमजोर असलेल्या रुग्णांनी याच कारणासाठी ते टाळावं असं म्हटलं आहे.

खरं सांगायचं तर एका कप चहातून जाणारं पोटॅशियम फार नाही. वाळलेल्या पाल्यात ते साधारण पावणेतीन ते साडेचार टक्के असतं. चार ग्रॅम पाल्याचं सगळं पोटॅशियम पाण्यात उतरलं तरी 110 ते 180 मिलिग्रॅम. एका ग्लासभर शहाळ्याच्या पाण्यात त्याच्या तिप्पट असतं. पण पाल्याचा पूर्ण डोस दिवसाला 30 ग्रॅमपर्यंत जातो, तेव्हा हाच आकडा हजारापलीकडे जाऊ शकतो.

म्हणून स्वयंपाकघरात एकदा डोकावून बघा. बीपीमुळे "लो सोडियम" मीठ आणलंय का? त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. 30 टक्के पोटॅशियम क्लोराइड असलेलं मीठ दिवसाला 5 ग्रॅम पोटात गेलं तर नुसत्या मिठातून जवळपास 800 मिलिग्रॅम पोटॅशियम जातं. त्यावर रोजचं शहाळं, त्यावर हा अर्क, आणि खाली टेल्मिसार्टन. शिवाय गुडघे दुखतात म्हणून सासूबाई डायक्लोफिनॅक किंवा ॲसिक्लोफिनॅकची गोळी परस्पर घेतात का, तेही विचारा. ती गोळी एकटीच पायाला सूज आणू शकते, बीपी वाढवते आणि पोटॅशियमही चढवते. सुनेला न सांगता केमिस्टकडून आणलेल्या गुडघ्याच्या गोळ्या कितीतरी घरांत उशीखाली सापडतात.

आणि मीठ. लोणचं, पापड, फरसाण, सुके बोंबील, सुकट, पाकिटातलं सूप. दिवसाला एकूण 5 ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा एक चमचा मीठ, ही मर्यादा पाळली तर बीपी उतरायला जितकी मदत होते तितकी कुठल्याही पाल्याने होत नाही. बीपी उतरलं की ॲम्लोडिपिन 10 ची गरजही कदाचित राहणार नाही.

सासूबाईंचं इथे संपलं. आता पाल्याबद्दल, कारण तुमचे बाकीचे प्रश्न त्यावर आहेत.

डँडेलियन म्हणजे टॅराक्सॅकम ऑफिसिनॅले, सूर्यफुलाच्या कुळातलं. थंड हवेचं झाड आहे. आपल्याकडे ते हिमालयाच्या पट्ट्यात मुबलक येतं, काश्मिरात त्याला हंद म्हणतात, त्याची भाजी करतात, हिवाळ्यासाठी वाळवूनही ठेवतात. पान कडू, आणि तो कडूपणा सेस्क्विटर्पीन लॅक्टोन गटातल्या द्रव्यांचा. त्याशिवाय चिकोरिक आणि क्लोरोजेनिक आम्ल, ल्युटिओलिनची संयुगं आणि भरपूर खनिजं. भाजी म्हणून पान उत्तम आहे: 100 ग्रॅम कच्च्या पानात कॅल्शियम साधारण 187 मिलिग्रॅम, पोटॅशियम 397 मिलिग्रॅम आणि व्हिटॅमिन के तब्बल 778 मायक्रोग्रॅम, म्हणजे पालकापेक्षाही जास्त. हा शेवटचा आकडा वॉरफरिन किंवा ॲसेनोकुमारॉल घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावा. व्हिटॅमिन के पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे गाळलेल्या चहात ते फारसं उतरत नाही. पण भाजीत किंवा नुसती पानाची पूड भरलेल्या कॅप्सूलमध्ये ते सगळं असतं आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा हिशेब बिघडवतं.

लघवी वाढते का? पुरावा आहे, पण तुटपुंजा. 1974 मध्ये उंदीर-घुशींवर मोठे डोस देऊन केलेल्या प्रयोगात पानांच्या अर्काची तुलना फ्युरोसेमाइडशी झाली आणि "नैसर्गिक लॅसिक्स" ही ख्याती तिथूनच पसरली. माणसांवरचा सगळ्यांत जास्त उल्लेख होणारा अभ्यास 2009 चा. त्यात 17 निरोगी माणसांना ताज्या पानांचा पाणी-अल्कोहोलमधला अर्क 8 मिलिलिटर, दिवसातून तीनदा, एकच दिवस दिला. पहिल्या डोसनंतरच्या पाच तासांत लघवीला जाण्याच्या खेपा वाढल्या, दुसऱ्यानंतर प्यायलेल्या पाण्याच्या मानाने लघवी जास्त झाली, तिसऱ्यानंतर काहीच फरक दिसला नाही. तुलनेसाठी खोटं औषध घेणारा गट नव्हता. एवढ्यावरून "थोडीफार लघवी वाढते" म्हणता येतं. सूज उतरते, बीपी उतरतं, वजन घटतं असं यातून काहीच निघत नाही. वजनकाट्यावर अर्धा किलो कमी दिसलाच तर ते पाणी, चरबी नव्हे. दुसऱ्या दिवशी एक पाणीपुरीची प्लेट आणि ते परत.

बाकी जे फिरतं त्याबद्दल दोन वाक्यांत. कॅनडातल्या विंडसर विद्यापीठातलं कर्करोगावरचं काम मुळाच्या अर्कावर आहे, पानाच्या नाही, आणि "48 तासांत कॅन्सर बरा" हे फॉरवर्ड करणाऱ्यांचं भाषांतर आहे. 2021 मध्ये जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या संशोधकांनी पानांच्या पाण्यातल्या अर्काने कोरोनाच्या विषाणूवरचा काटा पेशीला चिकटण्यात अडथळा येतो असं दाखवलं, तेही काचपात्रातल्या पेशींवर.

तुमच्या बाटलीचा हिशेब मांडू. 4:1 म्हणजे चार किलो पाल्यापासून एक किलो अर्क. म्हणजे 500 मिलिग्रॅमची एक कॅप्सूल दोन ग्रॅम पाल्याइतकी. युरोपीय मार्गदर्शनात परंपरेने चालत आलेला डोस आहे वाळलेला पाला 4 ते 10 ग्रॅम, दिवसातून तीनदा, फांट करून (म्हणजे उकळत्या पाण्यात भिजवून). कमीत कमी डोस धरला तरी दिवसाला 12 ग्रॅम, म्हणजे सहा कॅप्सूल. बाटलीवर "रोज एक किंवा दोन" लिहिलेलं असेल तर त्या हिशेबाने ती नावापुरती. 60 कॅप्सूल दहा दिवसांत संपतील, आणि किंमत मांडून बघा. आणखी एक नजर टाका: मागच्या बारीक अक्षरांत पान लिहिलंय की मूळ? बाजारात बराच माल मुळाचा दिसतो, मुळाची कॉफीही मिळते. मूळ वेगळं, त्यात इन्युलिन (एक प्रकारचा तंतू) जास्त, आणि लघवीसाठी वापरायची ती पानं. अन्नपूरक म्हणून विकलेल्या बाटलीवर 14 अंकी एफएसएसएआय परवाना क्रमांक आणि "औषधी वापरासाठी नाही" ही सूचना असायला हवी. ती सूचना छापून वर "सूज घालवते" असंही लिहिलेलं असेल तर विकणाऱ्याबद्दल काय समजायचं ते समजा.

होमिओपॅथीच्या दुकानात टॅराक्सॅकमचं मदर टिंचर, म्हणजे अल्कोहोलमधला मूळ अर्क, मिळतं. "अर्धा कप पाण्यात दहा थेंब" म्हणजे जेमतेम अर्धा मिलिलिटर. वरच्या अभ्यासात 8 मिलिलिटर तीनदा दिलं होतं. पानाचा अर्क म्हणून त्या थेंबांकडून अपेक्षा ठेवायला जागा नाही. घरी दारूत पाला मुरवून अर्क करण्याच्याही फंदात पडू नका. एकास पाच प्रमाणात केला तर चार ग्रॅम पाल्यासाठी 20 मिलिलिटर टिंचर प्यावं लागतं, तेही दिवसातून तीनदा. कडू द्रव्यं अल्कोहोलमध्ये जास्त उतरतात हे खरं, पण आपल्याला हवं ते पाण्यात चांगलं उतरतं.

तर तुम्ही स्वतः. पाळीच्या आधीच्या जडपणावर या पानाची नीट चाचणी झालेली नाही. पण तुमचं बीपी, साखर, मूत्रपिंड ठीक असेल, पित्ताशयात खडे नसतील, ॲसिडिटीचा अल्सर नसेल, गरोदर नसाल, बाळ अंगावर पीत नसेल आणि लिथियम, लघवीच्या किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू नसतील, तर करून बघायला हरकत नाही. एक अट आणखी. शेवंती, झेंडू हाताळल्यावर हाताला खाज सुटते का? गाजरगवताने कधी अंगावर पुरळ आलंय का? ही सगळी एकाच कुळातली, आणि त्रास देणारी द्रव्यंही त्याच लॅक्टोन गटातली. उत्तर हो असेल तर विषय संपला.

करायचा तो फांट, काढा नव्हे. वाळलेला, तुकडे केलेला पाला 4 ग्रॅम घ्या, आणि तो वजनकाट्यावर मोजा. हा पाला इतका हलका असतो की चहाचा चमचा शिगोशीग भरला तरी कधी कधी एक ग्रॅमही भरत नाही. "एक चमचा घातला, काहीच झालं नाही" या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच. 200 मिलिलिटर पाणी खळखळ उकळून गॅस बंद करा, पाला घाला, ताटली झाका, 10 ते 15 मिनिटं तशीच ठेवा, मग दाबून गाळा. रंग हिरवट पिवळा यायला हवा. तपकिरी आणि गवत सडल्यासारखा वास आला तर पाला जुना किंवा दमट. चहासारखा दहा-पंधरा मिनिटं उकळत ठेवलात तर कडूपणा घशाखाली उतरणार नाही इतका वाढतो आणि पदरात जास्तीचं काही पडत नाही. गुळाचा छोटा खडा किंवा लिंबू चालेल. मीठ नाही, चाट मसाला तर नाहीच.

पहिल्या दिवशी एकच कप, आणि तो रविवारी. मुलुंडहून सीएसएमटीची 8.12 पकडायच्या आधी घेतलात तर भांडुप येईपर्यंत पश्चात्ताप होईल. त्रास झाला नाही तर पुढच्या दिवसांत सकाळी एक, दुपारी एक. संध्याकाळी पाचनंतर नको, नाहीतर रात्री उठबस. पाळीच्या आधीचे पाच-सहा दिवस पुरेत, सलग दोन आठवड्यांपुढे जायचं नाही. पाणी नेहमीसारखं प्या. ऑक्टोबरच्या उकाड्यात घामाने आधीच पाणी जातं, त्यात हे घेऊन पाणी कमी प्यायलात तर डोकं दुखेल, पायात गोळे येतील. थायरॉइडची गोळी सकाळी घेत असाल तर ती साध्या पाण्यासोबतच, चहा नंतर. सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखं अँटिबायोटिक चालू असेल तर तो कोर्स संपेपर्यंत थांबा. जळजळ, पोटात कळ, जुलाब, अंगावर गांध्या यांपैकी काहीही दिसलं की बंद. दोन महिने करून फरक जाणवला नाही तर तिसरा महिना करू नका. त्या आठवड्यात फरसाण आणि लोणचं बाजूला ठेवून बघा, अनेकींना त्यानेच जास्त हलकं वाटतं.

पाला आणाल तर एका वेळी 50 ग्रॅम. मुंबईच्या जुलैत वाळलेला पाला दोन आठवड्यांत ओल धरतो, आणि ओल धरली की बुरशी. चुरडल्यावर कुरकुर वाजायला हवा. नुसता वाकत असेल तर फेकून द्या, तव्यावर भाजून "ठीक" करू नका, बुरशीचं विष तेवढ्याने जात नाही. घट्ट झाकणाची काचेची बरणी, आत सिलिका जेलची पुडी, आणि जागा गॅसच्या वरच्या फळीवर नको, तिथे वाफ असते.

आता भिंतीलगतची रोपं. ती डँडेलियन असण्याची शक्यता फारच कमी. मुंबईच्या दमट उकाड्यात ते आपणहून टिकत नाही. पावसाळ्यात इथे पिवळी फुलं आणि म्हाताऱ्या असलेली चार-पाच रोपं सर्रास येतात. जमिनीलगत पसरणारी, चीक येणारी पाथरी, जी रानभाजी म्हणून बाजारातही येते. उंच वाढणारा, पानांना मऊ काटेरी कडा असलेला सोंकस. आणि कुठेही असणारी एकदांडी, जिला कंबरमोडी म्हणतात, तिच्या फुलाला पांढरट पाकळ्या असतात. खऱ्या डँडेलियनची खूण पक्की आहे: सगळी पानं जमिनीलगत चक्रात, खोड नाहीच, मधून पोकळ, पानं नसलेला, फाटा न फुटलेला एकच दांडा, त्याच्या टोकाला एकच फूल, आणि दांडा मोडला की पांढरा चीक. दांड्याला फाटा फुटलेला दिसला किंवा दांड्यावर पान दिसलं की ते डँडेलियन नव्हे.

आणि समजा ते खरंच तेच असतं, तरी तिथलं घेऊ नका. सोसायटीची मागची भिंत म्हणजे कुत्री, उंदीर, गटाराचं पाणी, डासांसाठी मारलेला धूर आणि जुन्या रंगाचे पोपडे. पावसाळ्यात उंदरांच्या मुतातून लेप्टो पसरतो हे मुलुंडमध्ये वेगळं सांगायला नको. मिठाच्या पाण्यात भिजवून माती जाते, पानात शिरलेलं शिसं जात नाही. फारच हौस असेल तर ऑक्टोबरच्या शेवटी बी आणून कुंडीत लावा. कुंडी किमान एक फूट खोल हवी कारण मूळ सरळ खाली जातं, बी मातीच्या अगदी वरच पेरायचं कारण उगवायला उजेड लागतो. फेब्रुवारीपर्यंत कोवळी पानं मिळतील, मार्चच्या उन्हात ती कडूजहर होऊन झाड कंटाळेल. 100 ग्रॅम ताज्या पानांतून वाळून 15 ग्रॅमच उरतो, त्यामुळे दोन कुंड्यांवर औषधाचा डोस निघायचा नाही. डाळीत घालायला छान.

मिस्टरांचं. "लिव्हर डिटॉक्स" या शब्दावर पैसे घालवू नका. यकृताबद्दलचं जे काम आहे ते विष दिलेल्या उंदरांवरचं आहे. फॅटी लिव्हर असलेल्या माणसांवर या पानाने फरक पडला असं दाखवणारी चांगली चाचणी झालेली नाही. उलट कडू पाल्याने पित्ताचा स्राव वाढतो, म्हणून पित्तनलिकेत अडथळा, पित्ताशयात खडे किंवा यकृताचा आजार असलेल्यांनी हे घेऊ नये असं मार्गदर्शनात स्पष्ट आहे. त्यांच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये "गॉल ब्लॅडर" असं लिहिलेली ओळ वाचा. तिथे खडा असेल तर हे त्यांच्यासाठी पूर्ण वर्ज्य. खडा नसला तरी ग्रेड 1 वर जे काम करतं ते वजन: 80 किलोचा माणूस सात-आठ महिन्यांत सहा ते आठ किलो उतरला तर यकृतातली चरबी खरोखर कमी होते. दारू असेल तर बंद, गोड सरबतं आणि कोल्ड्रिंक बंद, आणि साखर, लिपिड, एसजीपीटी (यकृताची तपासणी) तपासून घ्यायचं.

बाटली परत घेत असतील तर परत करा. नाही घेतली तर ती सासूबाईंच्या गोळ्यांच्या डब्यापासून लांब ठेवा, कारण "नैसर्गिक आहे ना, एक घेतली तर काय होतंय" असं म्हणून ती आपसूक फुटते. डॉक्टरांकडे जाताना मात्र ती पिशवीत असू द्या, गुडघ्याच्या गोळ्यांच्या पट्टीसोबत आणि मिठाच्या पाकिटाच्या फोटोसोबत.